दुकानातच परत येणारा जोडा

मी जोडा बोलतोय. म्हणजे आम्ही दोघं, डावा आणि उजवा. पण डावा मुलखाचा अबोल, त्यामुळे तोंड माझंच चालतं.

आमचा जन्म जादूच्या दुकानातला. बेकरी आणि कुलूपवाल्याच्या मधोमध ते अरुंद दुकान आहे. तिथे ऊठसूट रुसणारी छत्री आहे, कुणी खोटं बोललं की शिंकणारी किटली आहे आणि कालचं तोंड आज दाखवणारा आरसा आहे. मालकीणबाई दुकानामागच्या खोलीत एकट्याच राहतात. एवढी जादू येते, पण स्वतःचा चष्मा त्यांना कधी सापडत नाही.

आम्हाला त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलं आणि शेवटचा टाका घालताना घरी पोचवण्याचा मंत्र पुटपुटला. असा जोडा पहिल्यांदा ज्याच्या पायात जातो, त्याचंच घर कायमचं लक्षात ठेवतो. म्हणून गिऱ्हाइकाआधी कुणी पाय घालायचा नाही, असा नियम. पण मालकीणबाईंना हातची वस्तू वापरून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही! करकर वाजतो का बघायला त्या आम्हाला घालून दारापर्यंत गेल्या. झालं! घर म्हणजे हे दुकान, असं आमच्या मनात पक्कं बसलं.

पहिलं गिऱ्हाईक शिंपी. संध्याकाळी काम आटोपून निघाला तो थेट आमच्या दारात. "अहो बाई, बायको जेवायला थांबलीय आणि हा जोडा मला तुमच्याकडे आणतोय!" मग एका नवरदेवाने घेतलं. नवरीला घेऊन घरी निघाला आणि सगळ्या पाहुण्यांसकट दुकानात शिरला. छत्री इतकी हसली की तिची एक काडीच निसटली. नवरी मात्र खूश. जाताना तिने शिट्टी विकत घेतली.

नवरदेवाने आम्हाला परत केलं, तेव्हा मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "आता हा टाका उसवायलाच हवा." टाका उसवला की मंत्र गेला, आणि आमची वाचाही. जन्मात पहिल्यांदा डाव्याने तोंड उघडलं. म्हणाला, "मेलो."

कात्री टाक्याला लागणार तोच दारावरची घंटा वाजली. एक बाई धापा टाकत आत आली. तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात घट्ट धरला होता.

"घरी नेणारा जोडा मिळतो ना इथे? हे माझे सासरे. जन्मभर पोस्टमन होते, सगळ्या शहराची दारं यांना पाठ. आता स्वतःचंच दार सापडत नाही. मी कामावर गेले की हे बाहेर पडतात. काल पार नदीवर सापडले. कोंडून ठेवायला माझा जीव होत नाही हो."

"सूनबाई उगाच घाबरते," म्हातारबुवा हसले. "टपाल वाटायला नको का जायला?"

मालकीणबाईंनी खरं ते सांगून टाकलं. "जोडा आहे, पण बिघडलेला. घरी नाही नेत. कुठूनही इथेच आणतो."

"इथेच? दर वेळी?"

"दर वेळी. नवरदेवालासुद्धा सोडलं नाही."

सुनेने दुकानभर नजर फिरवली. खिडकीपाशी रिकामी खुर्ची होती, शेगडीवर किटली होती. तिचे डोळे भरून आले.

"मग हाच द्या. संध्याकाळी मी न्यायला येईन. ते कुठे आहेत एवढं कळलं तरी पुरे. बसू द्याल ना त्यांना?"

"बसू द्याल काय? मला तरी बोलायला दुसरं कोण आहे!" मालकीणबाई म्हणाल्या. किटली शिंकली नाही.

तेव्हापासून बाबा रोज सकाळी निघतात, मनसोक्त हिंडतात आणि न चुकता दुकानात पोचतात. छत्रीचा रुसवा काढायचं काम त्यांच्याकडे. मनातल्या मनात रचलेली पत्रं ते तिला वाचून दाखवतात. मालकीणबाईंचा चष्माही आता तेच शोधून देतात. संध्याकाळी सूनबाई दारात येऊन म्हणते, "बाबा, निघायचं?" आपल्या घराकडे पाठ करून चालायचं म्हणजे आमच्या जिवावर येतं. पण उद्या पुन्हा यायचंच आहे, म्हणून मुकाट चालतो.

आता आमच्या टाचा झिजल्यात. मालकीणबाई तळवे बदलून देतात, पण त्या शेवटच्या टाक्याला हात लावत नाहीत. आम्ही सुखात आहोत.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. भलत्याच वळणाला वळणारे एक म्हातारे गृहस्थ कधी दिसले, तर त्यांना पत्ता विचारू नका. त्यांना तो सांगता यायचा नाही. आधी त्यांच्या पायांकडे बघा. पायात आम्ही असलो, तर हसून बाजूला व्हा. ते हरवलेले नाहीत. दुकानात चहा उकळतोय आणि कुणीतरी त्यांची वाट बघतंय.