यंदा सात, पुढच्या वर्षी सहा

ताईने यादीचं चौदावं पान सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसापुढे सरकवलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आमचे मिस्त्री लोक सुट्या भागांचे नंबर सांगत नाहीत. फोन करतात, 'ताई, त्या कुरकुऱ्या पंपाच्या पोटातली चकती द्या.' तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरला कुरकुऱ्या कळला पाहिजे."

"कळेल की! तुम्ही शिकवाल तसं शिकेल ते."

टेबलाच्या टोकाला धाकटा भाऊ मान डोलावत होता. पंपांच्या भागांचं हे दुकान दोघांनी उभं केलेलं. काउंटर त्याचं, गोदाम तिचं. जुनं सॉफ्टवेअर मान टाकायला लागलं तेव्हा, मे महिन्यात, तो म्हणाला होता, "ताई, तीन वर्षांचं नियोजन करायचंय. तुझ्याशिवाय पान हलणार नाही." ती हरखली होती. तेव्हापासून रोज दुपारी चार घास पोटात ढकलून ती वही घेऊन रॅकांमधून हिंडत होती. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवत होती.

विक्रेत्याने तक्ता उलगडला. "यंदा खरेदी आणि माहिती भरणं. ते मॅडम करतील. पुढच्या वर्षी मोठी आवृत्ती. वापरणारे यंदा सात, पुढच्या वर्षी सहा."

"सहा? अहो, दुकान वाढणार म्हणून तर हा खटाटोप. कमी कोण झालं?"

"गोदामाचं टेबल," तो सहज म्हणाला. "सरांनी फेब्रुवारीतच कळवलं होतं."

ताईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकला. मार्च, एप्रिल, मे.

भावाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"तुझ्या गुडघ्यांचा विचार केला गं मी. किती दिवस शिड्या चढणार? सांगणारच होतो तुला."

"कधी? कुरकुऱ्या शिकवून झाल्यावर?"

ताईने चष्मा नाकावर घेतला. आलेला माल तपासावा तसा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग चौदाही पानं ओढून घेतली आणि टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या.

"पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबायचं?" ती विक्रेत्याला म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "यंदाच सहा लिहा."

"पण मॅडम, मग माहिती कोण भरणार?"

ताईने पानं पिशवीत घातली, उभी राहिली, खुर्ची आत सरकवली.

"सरांना विचारा. त्यांनी पुढचा सगळा विचार केलेला असतो."