सुपात मावेल एवढा

सोनाबाई सूप घेऊन मोबाइलच्या दुकानात शिरली तेव्हा दुकानदाराला वाटलं, म्हातारी पत्ता चुकली. अलिबागच्या त्या दुकानात लोक फुटक्या काचेचे फोन आणतात, जळके चार्जर आणतात. बांबूचं सूप घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. बरोबरची सून सुचिता लाजेने अर्धी झाली होती. सोनाबाईने मात्र ऐटीत सूप काचेवर ठेवलं.

"यान मावंल असा ट्याब दे."

"किती इंचाचा पाहिजे, आजी?"

"इंच तुजं तू बग. सूप हाय ना समोर?"

सोनाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येण्याच्या कितीतरी आधी जिचं काम सुरू होतं ती. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, देवांना बोलवायचं, आणि त्या घरातून गेलेल्या एकेका माणसाला नावानिशी लग्नाला आवतण द्यायचं. ज्याचं नाव राहिलं तो पितर मांडवाबाहेर ताटकळत उभा राहतो, असं तिला तिच्या आत्याने शिकवलं होतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आत्याच्या तोंडून सोनाबाईच्या कानात आलं, आणि चाळीस वर्षं रेवसच्या आसपासच्या गावांत तिच्या सुराशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागली नाही. आमदार उशिरा आला तरी लोक चालवून घेत. सोनाबाईसाठी गाडी पहाटेच पाठवत.

आणि गेल्या वैशाखात अंबाजीच्या थोरल्या मुलाच्या हळदीला ती अडली.

अंबाजीच्या बापाची पहिली बायको. अंबाजी जन्मायच्या आधीच मिठागरावर तापाने गेलेली. मागे मूल नाही, भिंतीवर फोटो नाही. त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे. लग्नात एकदा धवलारीण काढायची, तेवढंच. ते नाव जिभेवर येईना. सोनाबाईने खोकल्याचं निमित्त केलं, पाणी मागितलं आणि पुढचं नाव घेतलं. कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याचाच तिला जास्त राग आला.

घरी येऊन तिने हे एकट्या सुचिताला सांगितलं. सुचिता अंगणवाडीत शिकवायची, पोटात गोष्ट ठेवायची. पावसाळाभर दुपारी दोघी बसल्या. सोनाबाईने सांगायचं आणि सुचिताने फोनवर लिहायचं. आधी धवले, मग घरागणिक मेलेल्यांची नावं. अंबाजीच्या घराशी आल्यावर सोनाबाई पुन्हा त्याच नावाशी अडली. अंबाजीला विचारायचं तर का विचारताय हे सांगावं लागलं असतं. सुचिताने तिथे चार टिंबं ठेवली. "आठवलं की सांगा, आई."

पण फोनवरची अक्षरं सोनाबाईला दिसत नव्हती. वही नको होती, वहीची पानं उलटताना दिसतात आणि मांडवातल्या पंख्याने फडफडतात. म्हणून ट्याब, आणि तो कुणाला न दिसता सुपात बसला पाहिजे. चाळीस वर्षांची धवलारीण आता वाचून गाते, हे गावाला कळलं तर संपलंच.

दुकानदाराने दोन ट्याब काढले. एक आठ इंचाचा, एक अकराचा. इंच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, असं त्याने सांगितलं तेव्हा सोनाबाईने त्याच्याकडे कीव करून बघितलं.

"कोन मोजतं रं तिरपा? शेत असा तिरपा मोजशील तं भावाभावांत कोयतं निगतील."

आठ इंचाचा सुपाच्या तळाशी असा बसला की कडेने मूठभर तांदूळ टाकले तर कुणाला दिसायचा नाही. सुचिताने त्यावर धवला उघडला. अक्षरं मुंग्यांसारखी. मोठी केली तर एका ओळीत दोनच शब्द मावायला लागले आणि दर श्वासाला बोट फिरवायची पाळी आली. अकरा इंचाच्या ट्याबवर चार ओळी एकदम दिसल्या, डोळे बारीक न करता. सोनाबाई तिथेच, दुकानात, अर्धं कडवं गुणगुणली.

"आई, लहान घेऊ," सुचिता हळूच म्हणाली. "मोठा लपायचा न्हाय."

"लपवाचा हाय खरा. पन आदी मना दिसला तं पायजे!"

मोठा घेतला. सोनाबाईकडे तोडही होती. सुपाला तीन बाजूंनी काठ आणि चौथ्या बाजूला तोंड. हळदीचं सूप मांडताना तोंड नवऱ्याकडे किंवा नवरीकडे करायचं, ही रीत. सोनाबाईने ते फिरवून स्वतःकडे केलं. आता उंच काठ लोकांकडे आणि उजेड तिच्या पोटाशी. ट्याबच्या कडेने तांदूळ, सुपारी, हळकुंडं. घरी महिनाभर तालीम केली. सुचिता समोर बसून बघायची आणि म्हणायची, काही दिसत नाही. जन्मभर जिने दुसऱ्यांना रीत शिकवली तिने सूप उलटं धरलं, आणि तेही खपून गेलं असतं.

माघात हिरामणच्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न निघालं. हिरामणच्या बापाने जन्म मिठागरात काढला. हिरामणचे आता ट्रक चालतात. मांडव कसला, मैदानच झाकलं होतं. एका अंगाला भिंतीएवढा एलईडीचा पडदा, का तर मागच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना हळद नीट दिसावी.

सोनाबाई पाटावर बसली, सूप मांडीवर घेतलं आणि गायला लागली.

*या गो या, मांडवाचे दारी,*
*वाट बघतंय लेकरू, घेवा हलद करी.*

तिचा सूर वर्षभरात असा लागला नव्हता. भीतीच गेली होती. हिरामणचे आजे-पणजे, चुलत्या, विहिरीत गेलेली आत्या, एकेक नाव खणखणीत पडत होतं. अजून दहा वर्षं आपल्याला मरण नाही, असं तिला गाता गाता वाटलं.

मग तिच्या मागून कुणीतरी गायला लागलं. आधी अर्धी ओळ मागे, मग बरोबरीने, मग चक्क तिच्या पुढे. आवाज हिरामणच्या पुतणीचा, अमिषाचा. कोवळा आणि गोड. पाठोपाठ दहा-बारा पोरींनी धरला. सोनाबाईला कळेना, आत्याने आपल्याखेरीज कुणाला दिलं नाही ते या पोरींच्या तोंडी आलं कुठून? तिने मान वर केली.

पडद्यावर तिचंच सूप होतं. कॅमेरावाला तिच्या पाठीशी उभा राहून खांद्यावरून टिपत होता. अक्षर न् अक्षर नारळाएवढं, अख्ख्या मांडवाला वाचता येईल असं. आठ इंचाचा असता तर काय दिसणार होतं त्या कॅमेऱ्याला? चार मुंग्या!

तिने झटकन ट्याबवर पंजा ठेवला. पडद्यावर तो पंजा उमटला, सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा, पुरुषभर उंच. मांडव हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, नातवंडं आजीला हसतात तसं होतं ते. सोनाबाईला मात्र मांडवात उघडं पडल्यासारखं झालं.

हिरामण समोरून ओरडला, "काकी, हात काडा ना! पोरींना दिसत न्हाय!"

तिने हात काढला.

पुढची नावं अमिषाने घेतली. हिरामणने सोनाबाईला भारी साडी नेसवली, मानपानात कसूर केली नाही. जेवताना अमिषा सुचिताला म्हणाली, "वहिनी, मला पण पाठवा ना ते." चारचौघींत नाही कसं म्हणायचं? सुचिताने पाठवलं.

वैशाख आला. अंबाजीच्या धाकट्याचं, प्रणयचं लग्न. अंबाजी स्वतः आवतण द्यायला आला, सोनाबाईच्या पाया पडला.

"काकी, तुमी आता दगदग करू नका. निस्त्या येऊन बसा. गायाला अमिषा हाय."

म्हणजे हकालपट्टीच, पण पाया पडून केलेली. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

ती गेली. तिसऱ्या ओळीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, समोर तसाच भिंतीएवढा पडदा, त्यावर धवल्याच्या ओळी. सुपाचं तोंड रीतीप्रमाणे नवऱ्याकडे होतं. लपवायचं कुणाला काहीच नव्हतं. अमिषा माइक धरून पडद्यावर बघत गात होती आणि तिच्याबरोबर निम्मा मांडव. सोनाबाईला आता सगळं येत होतं, न बघता, न चुकता. तिने डोळे मिटून घेतले तरी पुढची ओळ आधी तिच्या ओठांवर येत होती.

अंबाजीच्या घरची नावं सुरू झाली. आजा झाला, आजी झाली, बाप झाला. मग पडद्यावर चार टिंबं आली. अमिषाने टिंबांवरून सरळ पुढच्या नावावर उडी मारली, आणि मांडवाने तिच्यामागोमाग.

त्याच घडीला ते आलं. वर्षभर डोकं आपटून न आलेलं नाव, बोलावल्याशिवाय, आपल्या पायांनी.

गोदू.

सोनाबाई ताडकन उभी राहिली. "गोदू ऱ्हायली! अगो, थांबा! गोदूला बोलवा!"

स्पीकरपुढे तिचा आवाज कुठे पोचणार? तिने दोन्ही हात वर केले. पुढच्या बायांनी वळून बघितलं आणि तोंडं फिरवली. अंबाजी मात्र धावत आला. भला माणूस, पाहुण्यांचं हवं नको बघत फिरत होता.

"काय झाला, काकी?"

"गोदू, अंबाजी. गोदू ऱ्हायली भायेर."

अंबाजीने मांडवभर नजर फिरवली. "कोन गोदू? तुमच्यासंगं आल्ती काय? जेवाला बसली आसंल, मी बगतो." मग तिच्या खांद्याला धरून त्याने तिला हलकेच खुर्चीकडे वळवलं. "तुमी बसा पयले. मागल्यांना पडदा दिसत न्हाय."

सोनाबाई खाली बसली.