वरच्या माळ्याचा वकील

वकील हा चार जाणत्या माणसांना विचारून, त्याच्या जुन्या केसेस पाहून, सर्व बाजूंनी विचार करून निवडावा, हे तत्त्व पुंडलिकराव दिग्रसच्या कोर्टासमोरच्या इमारतीचा जिना चढताना बायकोला सांगत होते. दर पायरीला ते कठडा धरून थांबत होते.

"म्हनून पुरी चौकशी करूनच आलो," ते म्हणाले.

"कायची चौकशी?" मागून तानाबाई म्हणाल्या. "चहावाल्याले इचारलं, पहिल्या माळ्यावर कोन बसते. गुडघा दुखते म्हना ना."

पहिल्या माळ्यावर ॲड. आरिफा काझी बसत होत्या. खालच्या कृषी केंद्रातून औषधांचा उग्र वास येत होता आणि त्या काळ्या कोटाला बटण लावत होत्या. पुंडलिकरावांना वकील म्हणजे टेबलावर हात आपटणारा माणूस हवा होता. पण परत जिना उतरणं आलं असतं. ते बसले.

"आरोपी कोण?" सुई न थांबवता आरिफांनी विचारलं.

"ऋतिक. पोरगा आमचा."

"झालं काय?"

झालं ते असं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी पुंडलिकरावांची जाते. हा मान कोणी दिला हे गावात कोणालाच आठवत नाही, त्यामुळे तो काढूनही घेता येत नाही. यंदा ऐनवेळी फटाका फुटला, देवसिंग राठोडची जोडी बुजली आणि तोरण तोडून पुढे निघून गेली. कासरा धरलेला देवसिंग तिच्यामागे फरपटत गेला आणि तोरणापलीकडे पडला. बैल लांब गेले होते, देवसिंग हाताशी होता. बैल हाकायची काठी, तुतारी, त्याच्या डोक्यात बसली. टाके पडले.

"तुतारी कोणी मारली?"

"म्या." पुंडलिकरावांची छाती जराशी पुढे आली.

"आणि ऋतिक?"

"तो यवतमाळले होता. भरतीच्या अकादमीत."

सुई थांबली. आरिफांनी पुंडलिकरावांनी आणलेली तक्रारीची नक्कल ओढून वाचली.

"तुमचं तर यात नावच नाही, काका."

"हाच तर अपमान हाय! साऱ्या गावासमोर मारली म्या, अन् त्या देवसिंगनं नाव देल्लं पोराचं. लोक म्हनतीन, बुड्ढ्यात दमच नाही राह्यला. माहं नाव टाकून घ्या त्यात."

"लोक नाव काढायला येतात माझ्याकडे," आरिफा म्हणाल्या. "टाकायला आलेले तुम्ही पहिलेच."

"दम गेला खड्ड्यात," तानाबाई म्हणाल्या. "पोराचं पाहा ना बाई. पोलीस भरतीत लागला तो. धावनं झालं, पेपर झाला, यादीत नाव आलं. आता ठान्यातून चौकशीचा कागद जाईन, त्यात हे केस दिसन काय?"

"दिसेल."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला.

"तो तिथे नव्हता, हे मी कोर्टात सिद्ध करून देते," आरिफा म्हणाल्या. "अकादमीची हजेरी आहे, पोरं सांगतील. पण कोर्ट सावकाश चालतं, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. लवकर काही व्हायचं असेल तर ज्यानं नाव दिलं, त्यानंच ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्यायला हवा, की ऋतिक तिथे नव्हता. पण आपण त्याच्याकडे जाणं बरं नाही. उद्या म्हणेल, धमकावलं."

देवसिंगकडे जायची गरज नव्हती. टाके काढायला तोही आजच आला होता, त्याच एसटीनं. गाडीत त्यानं तानाबाईंसाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. पुंडलिकराव तोंड फिरवून दिग्रसपर्यंत उभे आले होते. आता तो खाली चहा पीत होता.

"मावशी, असं नका—" आरिफा म्हणेपर्यंत तानाबाई खिडकीतून ओरडल्या होत्या.

"देवसिंग! वर ये बरं!"

डोक्याला पांढरी पट्टी लावलेला देवसिंग आला. तानाबाईंच्या पाया पडला. पुंडलिकरावांपाशी घुटमळला आणि शेवटी त्यांच्याही पडला. पुंडलिकरावांनी पाय मागे घेतला, पण उशिरा.

"काहून रे, माह्या ऋतिकनं मारलं तुले?"

"नाही काकू."

"मंग?"

देवसिंग फरशीकडे पाहून बोलू लागला.

"डाक्टर म्हने, पोलीस केस हाय, पहिले ठान्यात जा. ठान्यात म्हने, मारनाऱ्याचं नाव सांग. आता काकाचं नाव कसं घेऊ? बाप मेल्यावर मले यायनंच पोळ्यात नेलतं. बैलाच्या पाठीवर बसवून. त्यायचं नाव ठान्यात घेनं बरं दिसते काय?"

"म्हनून पोराचं घेतलं?"

"तो गावात नव्हताच ना, काकू. नसलेल्या मानसाले पोलीस काय करतीन, म्हनलं."

आरिफांनी चष्मा काढून पुसला. या युक्तिवादाला कोणतं कलम लागतं ते त्यांना सुचलं नाही.

"त्याची नोकरी लागून राह्यली, हे मालूम नव्हतं तुले?"

"नाही बा. कोनं सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. नजर लागू नये म्हणून तानाबाईंनी ही बातमी सख्ख्या जावेपासूनही लपवली होती.

देवसिंग खुर्चीच्या कडेवर टेकला. "आत्ता जातो ठान्यात. सांगतो, पाय घसरून पडलो."

"मग खोटी तक्रार दिली म्हणून तुम्ही अडकाल," आरिफा म्हणाल्या. "ऋतिक नव्हता म्हटलं की मग कोण होतं, हे विचारणारच."

"ते मी नाही सांगनार."

"सांग ना बे," पुंडलिकराव म्हणाले. "सारं गाव पाहून राह्यलं होतं."

"गावानं सांगावं. माह्या तोंडातून नाही निंगनार."

पुंडलिकरावांनी टोपी काढली. घडी घालून गुडघ्यावर ठेवली, मग उलगडली, मग पुन्हा घडी घातली.

"मंग म्याच सांगतो," ते म्हणाले. या वेळी छाती पुढे आली नाही. "तू पोराचं सांग. माहं मी सांगतो."

"जेल होते काय, बाई?" तानाबाईंनी हळूच विचारलं.

"काका, आता एक शब्द बोलू नका." आरिफांनी हात वर केला. "मी ऋतिकची वकील. तुम्ही आरोपी झालात की मुलाची बाजू वेगळी, तुमची वेगळी. दोन्ही मी नाही पाहू शकत. ठाण्याची पायरी चढायच्या आधी तुमचा स्वतःचा वकील करा. काय सांगायचं नि काय नाही, ते त्यालाच विचारा."

"चांगला कोन हाय?"

आरिफांनी सुईनं छताकडे दाखवलं.

"वर. दुसऱ्या माळ्यावर. त्या जिन्याला कठडा नाही, सांभाळून जा."

तानाबाई ऋतिकला फोन लावायला थांबल्या. कठडा नव्हता म्हणून देवसिंगनं दंड पुढे केला. पुंडलिकरावांनी तो पाहिला, भिंत पाहिली, आणि दंड धरला. अर्ध्यावर दोघं थांबले. दम पुंडलिकरावांना लागला होता, पट्टी देवसिंग चाचपत होता.

"दुखते काय रे?"

"झोपल्यावर."



"बैल धाडले काय वापस?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. तुमचे?"

"त्याच सांजीले."

मग ते उरलेल्या पायऱ्या चढले. दोन्ही जोड्या पलीकडच्या गावच्या धावजीच्या होत्या, पोळ्यापुरत्या मागून आणलेल्या. पुंडलिकरावांचं शेत आणि देवसिंगचं शेत, दोन्ही कित्येक वर्षांपासून ट्रॅक्टरवर होतं.