दोघांचे कुलूप

दोघांनी मिळून लावलेले कुलूप एकट्याने उघडू पाहणे हा काही अपराध नव्हे. मात्र तसे करताना माणूस आपल्या जिवलगाला नकळत वगळतो, आणि वगळलेला जिवलग दाराशी उभाच राहतो. थोरल्याला हे कळत नव्हते असे नाही. तरीही त्या सकाळी त्याने चष्मा पुसला, बोटे रुमालाने कोरडी केली, लॅपटॉपवरच्या चौकटीत पासवर्डचा आपला अर्धा भाग लिहिला आणि त्याला धाकट्याचा म्हणून आणखी एक अंदाज जोडला.

पडदा क्षणभर विचारात पडल्यासारखा झाला. मग लाल अक्षरांत उत्तर आले : वारंवार चुकीचा पासवर्ड दिल्यामुळे आपले तिकीट आरक्षणाचे खाते बंद करण्यात आले आहे.

"झालं?" स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने विचारले.

"खातं बंद पडलं."

"पडलं, की तुम्ही पाडलंत?"

थोरल्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि टेबलाच्या कडेशी तो सरळ रेषेत येईपर्यंत बोटाने सरकवला.

तराजू तयार करणे आणि बिघडलेले काटे नीट करणे हा या घराचा व्यवसाय. वडिलांनी कारखान्यात एक नियम घालून दिला होता, आणि त्यांच्या पश्चात दोन्ही भावांनी तो व्रतासारखा पाळला होता. काट्याची अखेरची परीक्षा कधीही एकट्याने करायची नाही. एकाने पारड्यात वजन ठेवायचे. तोवर दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मग वळून काटा दाखवील तेवढेच मोठ्याने वाचायचे. ठेवणाऱ्याने सांगायचे नाही, वाचणाऱ्याने विचारायचे नाही. वजन आधीच ठाऊक असले की डोळे काट्याला सवलत देतात, असे वडिलांचे म्हणणे होते.

त्यामुळे रेल्वेच्या तिकिटांसाठी खाते उघडायची वेळ आली, तेव्हा या भावांनी जे केले ते दुसऱ्या कोणत्याही घरात घडले नसते. पासवर्डचा पहिला अर्धा भाग थोरल्याने घातला. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. उरलेला भाग धाकट्याने घातला. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा होता. ईमेल पत्ता एकाचा दिला, फोन दुसऱ्याचा. पुढे परगावच्या ताईकडे जायचे ठरले की दोघे शेजारी बसत, आपापला अर्धा भाग घालीत आणि तिकीट काढीत. यात काही गैरसोय आहे असे त्यांच्या मनातही आले नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. धाकट्याला ते शिकून घ्यायचे होते. थोरल्याचे म्हणणे असे की, ते यंत्र तोलत नाही, नुसते सांगते. एके दिवशी शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्याने आपली हत्यारे अंगणापलीकडच्या खोलीत हलवली. भांडण तसे लहानच होते; दोघांनी ते जपले मात्र निगुतीने. धाकट्याने लग्न केले नव्हते, त्यामुळे वहिनीच्या हातचे ताट दोन्ही वेळा अंगण ओलांडून जाई. शब्द तेवढे जात नसत.

आणि आता ताईचा डोळा. आईच्या माघारी या दोघांना तिनेच वाढवले होते. तिच्या एका डोळ्याची नजर पूर्वीच गेली होती. दुसऱ्याची शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली होती. घरचे माणूस सोबत असल्याखेरीज दवाखाना तिला दाखल करून घेणार नव्हता, आणि हा दिवस हुकला तर शल्यवैद्य परदेशातून परत येईपर्यंत ती नजर टिकेल, याची ग्वाही कोणी देत नव्हते. शुक्रवारच्या आत तिथे पोहोचवणारी गाडी बुधवारची एकच होती, आणि तिच्यात थोड्याच जागा उरल्या होत्या. आदल्या संध्याकाळी थोरल्याने फोनवर सांगितले होते, "मी येतो."

"एकटाच?" ताईने विचारले होते.

"एकटाच."

"बरं," ती म्हणाली होती. "तिकीट निघालं की कळव."

थोरल्याने रेल्वेच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई मृदू आवाजाची होती.

"खातं पुन्हा सुरू होईल, काका. तुमच्या ईमेलवर एक लिंक येईल आणि नोंदवलेल्या फोनवर ओटीपी. लिंक उघडली की लगेच ओटीपी घालायचा. उशीर झाला तर पहिल्यापासून करावं लागेल."

"नवीन खातं काढलं तर?"

"त्याची पडताळणी व्हायला आठवडा जाईल. हेच सोपं आहे."

"तो फोन भावाचा आहे."

"मग भावाला शेजारी बसवा."

थोरल्याने फोन ठेवला. बायको पदराला हात पुसत पुढे आली.

"आयुष्यभर कुणा दुकानदाराला काट्यावर फुंकर मारू दिली नाहीत," ती म्हणाली. "आणि आज स्वतः भाऊजींच्या पासवर्डावर दगड मारत बसलात. काय काय घातलंत, कळू दे तरी."

"बाबांचं नाव. कारखान्याचं नाव. ताईचं." त्याने टेबलावरचा चष्मा पुन्हा सरळ केला. "इलेक्ट्रॉनिक."

"अहो, खातं उघडलं तेव्हा ते काटे आपल्या गल्लीत आले तरी होते का?"

"नव्हते," थोरल्याने कबूल केले.

"मग उठा. ही चार्जरची वायर घ्या. आणि जाताय तसं त्यांचं ताटही न्या, माझी एक खेप वाचेल."

एका हातात ताट आणि काखेत लॅपटॉप अशा थाटात थोरल्याने अंगण ओलांडले. धाकट्याच्या खोलीत टेबलावर एक यंत्र पोट उघडून पडले होते. धाकटा त्यातली तार जोडत होता. त्याने मान वर केली नाही.

"बस. स्टूल डुगडुगतंय, भिंतीला टेकव."

थोरल्याने ताट ठेवले, स्टूल भिंतीला टेकवले आणि तो बसला.

"खातं बंद पडलं."

"माहीत आहे." धाकट्याने खिशातून फोन काढून त्याच्यापुढे सरकवला. तिथे एकाखाली एक तोच संदेश होता : आपल्या खात्यात प्रवेश करण्याचा अयशस्वी प्रयत्न झाला आहे. "तू चुकलास की मला हा येत होता. सकाळपासून येतोय."

"मीच आहे, हे कळलं नाही?"

"कळलं की. चोर दोन प्रयत्नांच्या मधे एवढा वेळ लावत नाही. त्याला चष्मा पुसायचा नसतो."

थोरल्याच्या ओठांची कड हलली. ती त्याने लगेच आवरली.

"मग तुझा भाग कळवायचास."

"कसा कळवू? ठेवणाऱ्यानं सांगायचं नाही." धाकट्याने तारेचे टोक नीट बसवले. "म्हटलं, एकदोनदा चुकलास की येशील. तू खातं बंद पडेपर्यंत चुकत राहिलास. चिकाटी कायम आहे, दादा."

थोरल्याने चार्जरची वायर जोडली. त्याने लॅपटॉप उघडला. ईमेलमध्ये लिंक आली. धाकट्याचा फोन वाजला. धाकट्याने एकेक आकडा वाचला, थोरल्याने तो घातला आणि परत वाचून दाखवला. आणि हे करताना दोघांचाही आवाज आपोआप कारखान्यातला झाला, सपाट, स्पष्ट, घाई नसलेला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. तिच्याखाली लिहिले होते : नवीन पासवर्ड द्या.

धाकटा सवयीने उठून भिंतीकडे वळू लागला. पण त्याच्या आधी थोरला उठला होता.

"तुझा अर्धा पहिला असतो," धाकटा म्हणाला.

"सगळाच तू घाल."

"सगळा?"

"मी वळलोय. घाल."

थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोरच्या खिळ्यावर वडिलांच्या हातचा पितळी तराजू टांगलेला होता. तो मोडीत गेला असे थोरला इतके दिवस धरून चालला होता, आणि मनातल्या मनात त्याने धाकट्यावर त्याचा दोषही ठेवला होता. पितळ लखलखत होते. दांडीच्या मधल्या सांध्याला तेलाचा ताजा ओलावा होता. थोरल्याने एका बोटाने पारड्याला हलकेच स्पर्श केला. दांडी जराशी कलली, झुलली आणि पुन्हा समतोल झाली. मागे कळफलकाच्या कळा वाजत होत्या, मग वाजायच्या थांबल्या.

"झालं," धाकटा म्हणाला.

थोरला लगेच वळला नाही.

"जुना काय होता, तेवढं सांग."

"वाचणाऱ्यानं विचारायचं नाही."

थोरला येऊन स्टुलावर बसला. धाकट्याने बुधवारची गाडी काढली. प्रवाशाचे नाव विचारणारी चौकट उघडली. तीत त्याने थोरल्याचे नाव घातले, वय घातले, खालचा बर्थ मागितला. मग त्याची बोटे थांबली. त्याने पडद्याकडेच पाहत विचारले, "कारखाना?"

"कुलूप लावू," थोरला म्हणाला. "किल्ली तुझ्या वहिनीकडे राहील."

धाकट्याने दुसरी चौकट उघडली आणि तीत आपले नाव लिहिले.

तिकिटे निघाली, एक खालचा बर्थ, एक वरचा. धाकट्याने फोन टेबलावर ठेवून ताईला लावला आणि तिचा आवाज दोघांना ऐकू येईल असा मोठा केला.

"ताई, तिकीट निघालं," थोरला म्हणाला. "जरा उशीर झाला. खातं बंद पडलं होतं."

"पडणारच. पासवर्ड काय अंदाजानं लागतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तुला कुणी सांगितलं?" धाकट्याने विचारले.

"अरे, तूही आहेस का तिथे? छान." पलीकडे ताई पाणी प्यायली असावी, पेला ठेवल्याचा आवाज आला. "खातं उघडलंत त्याच दिवशी दादानं मला फोन करून त्याचा भाग सांगितला होता. मला काही झालं तर धाकट्याची अडचण व्हायला नको, म्हणाला. संध्याकाळी तुझा फोन. तूही तेच म्हणालास. आणि दोघांचं वरून एकच, त्याला कळू देऊ नकोस. तेव्हापासून तुमचा अख्खा पासवर्ड माझ्यापाशी आहे."

थोरल्याने चष्मा काढला. पण पुसायला रुमाल सापडेना.

"मग काल बोलली का नाहीस, ताई?"

"काल बोलले असते तर तू एकटा आला असतास."

अंगणात थोरल्याची बायको कुणाशी तरी बोलत होती. तिचा आवाज आत येऊन गेला. धाकट्याने उघडे यंत्र बंद केले आणि त्याचे झाकण हाताने दाबून धरले.

"दवाखान्यात विचारत होते, सोबतीला कोण येणार म्हणून," ताई म्हणाली. "मी तेव्हाच दोघं म्हणून सांगितलंय. आता मला खोटं पाडू नका. सावकाश या."

गाडी वेळेवर सुटो. खालच्या बर्थवर थोरल्याला शांत झोप लागो, आणि वरून धाकट्याने अधूनमधून वाकून पाहिलेले त्याला कधी न कळो. पट्टी सुटेल तेव्हा त्या माउलीच्या नजरेत जे पहिले उमटेल, ते दोन चेहरे असोत.