मामा किंवा सासरे

त्या दिवशी मावशी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. आमच्या गावी, बोरी अरबला, घरात नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी येतं. डिसेंबरात ऊनही तिथेच चांगलं. त्यामुळे आम्हा दोघींचं ऑफिस एकच होतं.

"काय व निशी, सकायपासून टकटक चालू हाय. आज कोनाकोनाले फुकट वाटलं?"

"ज्याले पाहिजे त्यानं न्यावं," मी म्हटलं.

फुकट वाटण्याला तिची हरकत नव्हती. ती स्वतः गल्लीभर वाटी वाटी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, वाटून यायची. तिची हरकत होती ती नेणाऱ्यांच्या तक्रारींना. मी नेटवर फुकट ठेवलेल्या कोडखाली जगभरातले अनोळखी लोक रोज गाऱ्हाणी लिहितात, हे मी तिला एकदा सांगून बसले होते. "म्हंजे सोले फुकटात न्यायचे," ती म्हणाली होती, "अन् वरतून म्हनायचं दाने बारीक हायेत? अन् तू त्याहिले थँक्यू म्हनतं?"

म्हणत होते. माझं पोट दुसऱ्यांच्या वेबसाइट दुरुस्त करून भरतं, पण जीव 'नातं' नावाच्या एका पॅकेजमध्ये अडकलेला आहे. पॅकेज म्हणजे कोणीही उचलून आपल्या कामात जोडावी अशी कोडची तयार पुडी. एका माणसापासून दुसऱ्यापर्यंतची वाट तिला सांगायची, आईचा भाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा, की ती योग्य मराठी शब्द परत देते: मामा, साडू. इंग्रजीचं एका 'अंकल'वर भागतं. आमच्याकडे तेवढ्यावर लग्नाचा मांडवही उभा राहत नाही.

हे सगळं मी टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिते. साध्या जावास्क्रिप्टमध्ये कोणत्याही डब्यात काहीही भरता येतं. टाइपस्क्रिप्टमध्ये आधी डब्यावर चिठ्ठी लावावी लागते, यात फक्त हळद, आणि मग मीठ टाकायला गेलं की तिथल्या तिथे लाल रेघ उमटते. मावशीला हे लगेच पटलं होतं, कारण तिच्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या आणि बाबा त्या कधीच वाचत नसत. गावात मात्र मी काय करते असं कोणी विचारलं की बाबा "ऑनलाइन हाय" एवढंच सांगायचे. या उत्तरानंतर आजवर कोणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

तर त्या दिवशी एक नवी तक्रार आली. लग्नपत्रिकांचं ॲप चालवणाऱ्या एका मुलाने नेरच्या कुठल्याशा लग्नाची छापून तयार झालेली पत्रिका फोटो काढून पाठवली होती. खाली ओळ होती, 'भगवानराव (वराचे मामा किंवा सासरे)'.

मी ती मोठ्याने वाचली. मावशीने शेंग हातात तशीच धरली.

"किंवा? म्हंजे अजून ठरलं नाई?"

आणि ती हसायला लागली. हसता हसता सूप कलंडलं, सोले गच्चीभर घरंगळले, आणि ते गोळा करायला वाकली तर तिथेच बसून पुन्हा हसली. "वरात दारात उभी," ती डोळे पुसत म्हणाली, "अन् पोट्टा विचारून राह्यला, तुमी माहे कोन हो?"

चूक माझीच होती. नवऱ्या मुलाने मामाची मुलगी केली होती. आमच्या भागात त्यात नवं काहीच नाही, आणि तशा लग्नात मामा तोच सासरा होतो. पण एका माणसाला दोन नाती असली तर काय करायचं, हे लिहिताना मी मध्ये उभी रेघ दिली होती. उभी रेघ म्हणजे 'किंवा', हे नाहीतर ते. तिथे '&' हवं होतं, म्हणजे 'आणि', हेही आणि तेही. एका चिन्हाने भगवानरावांना मांडवात लटकत ठेवलं होतं.

"दुरुस्त होईन का?"

"होईन. भगवानरावच्या पत्रिकेचं नाई होनार, बाकीच्याइचं होईन."

मावशी सोले पुन्हा सुपात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग मले टाकून पाह्य न त्याच्यात एकदा. काय दाखोते मशीन?"



मी बोलायला शिकत होते तेव्हा माझी आई गेली. बेबीमावशी तिची धाकटी बहीण. मला सांभाळायला म्हणून चार दिवसांसाठी आली, आणि वर्षभराने घरच्यांनी तिचं आणि बाबांचं लग्न लावून दिलं. तोवर माझ्या तोंडी 'मावशी' बसलं होतं. तिच्याही तोंडी जुनंच बसलेलं. लग्नानंतर कितीतरी दिवस ती बाबांना "अहो भाऊजी" म्हणायची आणि जीभ चावायची. नयन झाला, तो तिला आई म्हणू लागला, आणि मी मावशीच म्हणत राहिले. कोणी दुरुस्त केलं नाही, कोणाचं काही अडलंही नाही. ज्या हाकेला नयन धावत यायचा त्याच हाकेला मीही यायचे. आई म्हणावंसं मला वाटलं नाही असं नाही. पण शेजाऱ्याचं नाव पहिल्या आठवड्यात विचारायचं राहिलं की मग दहा वर्षं विचारता येत नाही, तसं झालं होतं. वेळ टळून गेली होती आणि रोज नव्याने टळत होती.

"आधी दुरुस्त तं होऊ दे," मी म्हटलं. "नाईतर तुलेबी 'किंवा' लागन."

"हो बापा. 'आई किंवा मावशी' नको लावू मले. लोक म्हनतीन, बाईची चौकशी चालू हाय."

"उद्या करतो."

"उद्या मी बाजारात जाऊन राह्यली दारव्ह्याले. परवा कर."

"परवा," मी म्हटलं.

संध्याकाळी सोल्यांची भाजी झाली. बाबांनी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, मावशीने डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि चिठ्ठी वाचून घ्या म्हणाली. नयनचा पुण्याहून फोन आला. तो तिच्याशी बोलला, मग माझ्याशी बोलला, आणि दोघींकडून एकच बातमी ऐकावी लागते म्हणून कुरकुरला. एवढंच झालं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मावशी दारव्ह्याला जायला काळीपिवळी जीपमध्ये बसली, आणि दारव्हा आल्यावर सगळे उतरले तेव्हा ती उतरली नाही. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. डॉक्टरांचं बरेचदा खरं असतं, एवढं धरून मी पुढचे दिवस काढले.

नयन आला तो दारातूनच "आई" म्हणून ओरडला. तो आवाज सगळ्या घरात भरला. मी त्याला धरलं. मलाही ओरडायचं होतं, पण 'मावशी' या शब्दात तेवढी जागा नव्हती. आलेल्या बायांतली एक दुसरीला हळूच सांगत होती, "सख्खी नाई बापा, मावशी हाय थे तिची." ती वाईट हेतूने सांगत नव्हती. माझ्याच तोंडून आयुष्यभर ऐकलेलं सांगत होती.

त्या दिवसांत इंटरनेटला मात्र काहीच झालं नव्हतं. पत्रिकेच्या तक्रारीखाली लोक विचारत होते, काही हालचाल? एस्टोनियातल्या कोण्या टानेल नावाच्या माणसाने लिहिलं होतं, त्याला मराठी येत नाही, पण त्याच्या मते हा प्रश्न तातडीचा आहे, कारण लग्नसराई जवळ येत असावी. मला हसू आलं. घरात तेरवीच्या स्वयंपाकाला आणलेल्या पातेल्यांचा आवाज चालू असताना मी टाकीपाशी उभी राहून उत्तर लिहिलं: 'घरी जरा काम निघालं आहे. लवकरच करते.'

तेरवी झाली. पाहुणे पांगले. मग एका सकाळी मी गच्चीवर गेले आणि कामाला बसले. दुरुस्ती तशी सोपी होती. रेघा काढल्या, '&' घातले. आता भगवानराव एकाच वेळी मामा आणि सासरे होते, कोणाची तक्रार नव्हती. दुरुस्ती झाली की ती तपासायला एक उदाहरण लिहावं लागतं. परवाचं वचन होतं. मी आमच्या घरातलंच उदाहरण लिहिलं: निशिगंधाच्या आईची बहीण, आणि तीच वडिलांची बायको. कोडने मुकाट्याने उत्तर दिलं, 'आई आणि मावशी'. मी खूश झाले. वाटलं, झालं.

पण पॅकेजमध्ये दुसरंही एक काम आहे, त्याचं नाव 'हाक'. ती व्यक्ती कोण, हे 'नातं' सांगतं. तिला काय म्हणून हाक मारायची, हे 'हाक' सांगते. नाती कितीही असू देत, हाक एकाच शब्दाची, ही चिठ्ठी डब्यावर मीच लावलेली होती. तिथे दोन शब्द पोचल्याबरोबर लाल रेघ उमटली. टाइपस्क्रिप्टचं म्हणणं चूक नव्हतं. माणूस दोन्ही असू शकतो, पण तोंडातून एका वेळी एकच निघतं. भगवानरावांच्या बाबतीत मी निकाल लावू शकत होते. लग्नानंतरही जावई मामाच म्हणतात, म्हणून आधीची हाक पुढे चालू, असा नियम लिहिला की संपलं. नियम ठीक होता. तो लिहिला की मावशीलाही मावशीच लागणार होतं, यंत्राकडून, कायमचं. मी ती ओळ लिहिली आणि खोडली. पुन्हा लिहिली आणि पुन्हा खोडली.

तेवढ्यात खालून नयनने आवाज दिला, "ताई, खाली ये. तुह्याकडे पाहुनी आली."

अंगणात एक म्हातारी बाई उभी होती, बंजारा तांड्यावरची, हातात आमची कापडी पिशवी घेऊन. बाबा खुर्चीवर बसले होते, पण तिला बस म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी चटई टाकली.

"मी सुखीबाई," ती म्हणाली. "गाडीत मीच होती न तिच्या बाजूले. माह्या खांद्यावर डोकं टेकलं तिनं. मले वाटलं डुलकी लागली. म्हटलं, झोपू दे बाईले, बाजारात लय फिरना पडते." तिने पिशवी पुढे केली. "हे गडबडीत गाडीतच राह्यली. डायवरनं आनून देल्ली. मले यायले उशीर झाला, पोरी."

मी पिशवी घेतली. नयनने पाणी आणलं. सुखीबाई तांब्या उंच धरून, ओठ न लावता प्यायली, तोंड पुसलं, आणि जवळ सरकली.

"आता माह्या कामाचं बोलतो. थे म्हने, तू कम्प्युटरवर सोयरिकी जोडतं."

"काय?"

"रस्ताभर तेच सांगत होती. माही पोरगी नाती जोडते म्हने, साऱ्या जगाचे. फुकटात. तं माह्या नातवाचं पाह्य. शाम नाव हाय. दहावी झाला, टॅक्टर चालोते, दारू नाई पेत." क्षणभर विचार करून तिने दुरुस्ती केली, "लय नाई पेत."

नयन फसकन हसला. त्या दारातून आत आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता. बाबांच्याही मिश्या हलल्या.

"आजी, मी लग्नं नाई जमवत," मी म्हटलं. "मी फक्त कोनाले काय म्हनावं ते सांगतो. मामाले मामा, आत्याले आत्या."

सुखीबाईने माझ्याकडे पाहिलं. "हे लोकाईले मालूम नसते?"

"कम्प्युटरले मालूम नसते."

"मंग आमचंबी टाक त्याच्यात. आमच्यात आईले याडी म्हनते." मग तिची नजर माझ्यावरून नयनवर गेली आणि पुन्हा माझ्यावर आली. "पन मले एक सांग. गाडीत थे म्हने माही पोरगी. अन् आता फाटकापाशी त्या बाईले विचारलं तं थे म्हने, मावशी होती तिची. मंग खरं कोन सांगते?"

"दोघीबी खरं सांगते," नयन म्हणाला. त्याने माझ्या वतीने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, लहानपणापासून करतो तसा. "आईची बहीन बी होती, अन्..."

"तुले नाई विचारलं बे," सुखीबाई म्हणाली. "थे हिले पोरगी म्हने. मी काय म्हनतो, हे तिले काय म्हने?"

"मावशी," मी म्हटलं.

"अन् तिले चालत होतं?"

"चालत होतं."

"अन् तुले?"

बाबांनी मान खाली घातली. नयनने रिकामा तांब्या उचलला, पण गेला नाही. अंगणात ऊन होतं, समोरच्या घरी कोणीतरी धुणं आपटत होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि सुखीबाई थांबली होती. तिला कुठे जायची घाई नव्हती.

"आई," मी म्हटलं. आवाज बारीक आला. ती कानाने जरा कमीच ऐकत असावी, कारण तिने हात कानामागे धरला. म्हणून मी पुन्हा म्हटलं, घराकडे तोंड करून, मोठ्याने.

"आई!"