चालंल

लग्न झाल्यापासून हे जहाजावरून सुट्टीला आले की पहिलं भांडण दौंड स्टेशनावरच व्हायचं. "पाच मिनिटं उशीर केलास" इथून सुरुवात, मग तळेगाव ढमढेरे येईपर्यंत माझ्या माहेरच्यांचा उद्धार. मीही काही कमी नाही.

या खेपेला समुद्री चाच्यांनी सात महिने ओलीस ठेवून यांना सोडलं, आणि मी नेमकी तासभर उशिरा पोचले. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले होते. हे बाकावर, मांडीवर बॅग घेऊन बसलेले. मी म्हणाले, "लई उशीर झाला वो." हे म्हणाले, "चालंल."

त्या दिवसापासून सगळंच चालायला लागलं. अळणी आमटी चालते, बिनसाखरेचा चहा चालतो. एकदा मुद्दाम कारलं केलं. जन्मात कारल्याला न शिवलेला माणूस ताट पुसून उठला. माणूस समोर बसलेला आणि मला त्याचीच आठवण येत होती.

दर गुरुवारी साधना मॅडमचा फोन येतो. खलाशांचं समुपदेशन करतात त्या. यांना विचारून, यांच्यासमोरच त्यांनी मला सांगितलं, "तिथं जेवणाला नावं ठेवली की मार बसायचा, सविताताई. परीक्षा घेऊ नका. रोज एक गोष्ट विचारा, आणि नको म्हणायला वेळ द्या." मला त्या कारल्याची फार लाज वाटली.

मग रोज विचारायचं, कारलं करू का वांगं? "काहीबी." विचारून झालं की गप्प बसायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच. असे तीन महिने गेले.

परवा यांचे हौसरावमामा घरी आले. "विश्वजीत, रविवारी चौकात तुझा सत्कार. तिथं काय काय सोसलं ते जरा सांगायचं. येतोस न्हवं?"

यांनी हातातला कप खाली ठेवला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते मी गिळलं.

"न्हाई मामा," हे म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

मामा जरा फुगूनच गेले. मी ओट्यापाशी जाऊन रडून घेतलं. त्या नादात काही विचारायचं राहिलं, वांगंच टाकलं.

पहिल्या घासाला यांनी ताट सरकवलं. "मीठ किती घातलंस?"

इतका आनंद झाला मला, की मीही सोडलं नाही. "दौंडला तासभर ताटकळत ठिवलं, तवा का न्हाई बोलला?"

"आता बोलतो," हे म्हणाले. डोळे भरले होते यांचे. "सात महिनं तुझी वाट बघितली, आन् तू आणखी एक तास लावलास."