गोणीपेक्षा हलकी

मी एक भित्री मोटार आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी शौर्याची अपेक्षा ठेवायला नको.

माझं नाव बेबी ऑस्टिन. नगरचे लोक नुसतं 'बेबी' म्हणतात. एकोणीसशे एकोणतीस साली विलायतेत माझा जन्म झाला. बोटीनं मुंबईला आले आणि तिथून नगरच्या कँपात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या मडमेकडे. अंगानं मी इतकी लहान की चार गडी मला उचलून बाजूला ठेवू शकतात. भर बाजारात एकदा तसं ठेवलंही आहे. शेजारून मालट्रक गेला की माझा कापडी टप फडफडतो आणि त्याखाली माझं काळीजही.

मडम मायदेशी गेली. मग मी एका वकिलांकडे होते. वकील वारले आणि त्यांच्या मुलांनी मला परसात चिंचेखाली लावून दिलं. तिथं सात वर्षं कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालत होत्या. दर दिवाळीला कुणीतरी म्हणे, "ही भंगारात घाला एकदाची." मी चिंचेखाली उभी राहून ते ऐकत असे.

तिथून मला आप्पासाहेबांनी आणलं. माळीवाड्याजवळ त्यांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. दोन महिने रात्रंदिवस खपून त्यांनी मला चालू केलं. हाताला गुण मोठा. पण एक खोड होती. एखादी गोष्ट तात्पुरती केली की ती तशीच राहायची.

मला दोन ब्रेक आहेत. पायाचा ब्रेक मागच्या चाकांना, हाताचा पुढच्या. दोन्हीच्या तारा वेगवेगळ्या. मागची तार तुटली तेव्हा नवी कुठं मिळेना, म्हणून आप्पासाहेबांनी तिथं सायकलची तार जोडली. "तात्पुरती हाय," म्हणाले. त्या तात्पुरत्याला चार वर्षं झाली. प्रत्येक उतारावर ती तार करकरायची आणि मला वाटायचं, आज काही खरं नाही.

माझ्यासारखंच आणखी एक माणूस घाबरायचं. आप्पासाहेबांची बायको, छबूबाई. काष्टीच्या शेतकरी घरातली बाई. बैलगाडीतून उभ्या उभ्या जाईल, पण माझ्यात बसली की डावा हात दाराच्या कडेला आणि उजवा सीटखाली घट्ट. तोंडानं मात्र कधी काही बोलायची नाही. नवऱ्याचा शौक आहे, आपण कशाला विरजण घाला, असा तिचा स्वभाव.

नगरमध्ये असल्या जुन्या, छोट्या गाड्यांचे पाच-सहा शौकीन होते. दर रविवारी एका हॉटेलापुढं गाड्या लावून चहा पीत उभे राहायचे. बोलणं एकच: कुणाची गाडी लिटरला किती जाते. मुलांच्या मार्कांचं कुणी इतकं बोललं नसेल. त्यात त्र्याहत्तरच्या शेवटी पेट्रोल एकदम महागलं आणि त्या बोलण्याला धार चढली. कंपाउंडर कानिफनाथ म्हणाले, "नुसत्या गप्पा नकोत. शर्यतच लावू. एका लिटरात जो लांब जाईल, तो खरा."

नियमही त्यांनीच केले. टाकीची नळी बंद करायची. सलाइनच्या दोन रिकाम्या बाटल्यांत मोजून एक लिटर पेट्रोल घ्यायचं. बाटली टपाच्या दांड्याला उलटी टांगायची आणि रबरी नळीनं पेट्रोल इंजिनाला द्यायचं. पहिली संपली की दुसरी. गाडीत चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस हवं. नसेल तर त्याच्या जागी साठ किलो वाळूची गोणी.

आदल्या दिवशी आप्पासाहेब घरात म्हणाले, "छबू, उद्या चल माझ्याबरोबर. बाटल्या संपल्या की टाकीतल्या पेट्रोलवर नेवाशाला जाऊ. ज्ञानेश्वरांच्या खांबाचं दर्शन घेऊ."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यांनी आपणहून कुठं चल म्हणण्याची ही दुसरी वेळ. छबूबाईंनी पेटीतलं नवं पातळ काढलं, दशम्या बांधल्या आणि चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतल्या त्या सकाळी माझ्यात येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांचा हात दाराच्या कडेला नव्हता, हे मला लगेच कळलं.

हॉटेलापुढं सगळे जमले होते. कानिफनाथांची बायको कडूबाई चांगली भरल्या अंगाची. ती नवऱ्याच्या गाडीत बसायला निघाली तसं कुणीतरी ओरडलं, "ओ कंपाउंडर, त्यापरीस गोणी परवडली!"

"तू तुझ्या सासूला घाल गाडीत," कडूबाई म्हणाली, "मग बघू कुणाची चाकं बसत्यात ते."

सगळे हसले. छबूबाईही हसल्या. तेवढ्यात कानिफनाथ माझ्यापाशी आले, बाटली नीट टांगली आहे का पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आप्पा लई हुशार हाय. गोणी साठ किलोची आन् तुमी पन्नाशीच्या आत. दहा किलो वाचवले बघा पठ्ठ्यानं!"

छबूबाईंचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब खाली वाकून हँडल मारत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. किंवा त्यांनी दिसू दिलं नाही. मी चालू झाले. छबूबाईंचा डावा हात हळूच दाराच्या कडेवर गेला.

जेऊर गाव जवळ आलं. पहिली बाटली संपत आली तशी छबूबाईंनी सांगितल्याप्रमाणे नळीला चिमटा लावून दुसरी टांगली. काचेची बाटली डोक्यावर लोंबकळतेय, तिच्यात पेट्रोल, खाली तापलेली मी. आजारी माणसाला सलाइन लावतात, मला धडधाकट असताना लावलं होतं.

मग इमामपूरचा घाट आला.

घाटाच्या तोंडाशी आप्पासाहेबांनी बाटलीच्या नळीचा चिमटा दाबला, किल्ली फिरवली आणि मला न्यूट्रल केलं. माझं इंजिन बंद पडलं. "आता बघ," ते म्हणाले, "तीन मैल फुकटात."

मला काय वाटलं ते कसं सांगू? इंजिन चालू असलं की उतारावर तेच मला मागं धरून ठेवतं. ते गेलं की मी म्हणजे डोंगरावरून सोडलेला डबा. हॉर्न माझा केव्हाच मेला होता. माझी धडधड हाच माझा हॉर्न, आणि तीही बंद. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज न करता मी घाट उतरू लागले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. सायकलची तार करकरायला लागली.

"आवं, इंजिन चालू करा," छबूबाई म्हणाल्या.

"थांब गं. उतार संपला की करतो."

"मला भ्याव वाटतंय."

"भ्यायला काय झालं? ब्रेक हाय की."

"आवं, मी पाया पडते तुमच्या."

आप्पासाहेब बाटलीकडे बघत होते. अर्धीअधिक भरलेली होती. कानिफनाथांची गाडी मागं कुठंतरी राहिली होती. एवढं पेट्रोल शिल्लक असताना किल्ली फिरवणं त्यांच्या जिवावर आलं. मी हे वाईटपणानं सांगत नाही. मी त्यांना चार वर्षं ओळखत होते, माणूस वाईट नव्हता. पण त्या वेळी त्यांना शेजारचं माणूस ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या वळणावरून वळले आणि समोर बैलगाड्या दिसल्या. ऊसतोडणीची टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर निघाली होती. सहा-सात गाड्या घाट चढत होत्या. वर उसाच्या वाढ्यांचे भारे, त्यावर भांडी, आणि भांड्यांच्या मध्ये लहान लेकरं. बाया चालत होत्या. रस्ता त्यांनी पुरा अडवला होता. माझा आवाज नसल्यामुळे एकानंही मान वर केली नव्हती.

आप्पासाहेबांनी पाय दाबला. तार तुटली.

तो आवाज फार लहान होता. सुतळी तुटावी तसा. आप्पासाहेबांचा पाय फळीला जाऊन टेकला. त्यांनी गियर टाकायला पाहिलं, तो कर्रकर्र करून परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा परत. मी आणखी जोरात निघाले. पहिल्या गाडीवर एक लेकरू भाकरी खात बसलं होतं. त्याच्या हातातला तुकडासुद्धा मला दिसत होता. मी त्याच्याकडेच चालले होते, आणि मला थांबता येत नव्हतं.

"बाजूला व्हा! बाजूला व्हा गं बायांनो!"

हा आवाज छबूबाईंचा. चार वर्षांत त्या माझ्यात बसून इतक्या मोठ्यानं कधी बोलल्या नव्हत्या. ओरडता ओरडता त्यांनी दोन्ही हातांनी हाताचा ब्रेक धरला, पाय समोरच्या फळीला लावले आणि विहिरीतून मोट ओढावी तसा मागं ओढला.

माझी पुढची चाकं अडली. मी फरफटत डोंगराच्या बाजूला गेले, डावीकडच्या चरात उतरले आणि दरडीला टेकून तिरकी पडले. बैल बुजले, कुणीतरी किंचाळलं. पहिली बैलगाडी माझ्यापासून दहा पावलांवर होती. लेकरू भाकरी हातात धरून माझ्याकडे बघत होतं.

बाटली फुटली होती. छबूबाई चराच्या बाजूला कलंडल्या होत्या आणि सगळं पेट्रोल त्यांच्या अंगावर सांडलं होतं.

आता जे घडलं ते एका श्वासाइतकंच होतं. आप्पासाहेबांनी वर पाहिलं. आधी टपाच्या दांड्याकडे, जिथं बाटलीचं नुसतं तोंड लोंबत होतं. मग छबूबाईंकडे. फक्त एका श्वासाचा फरक. मी तो पाहिला. छबूबाईंनीही पाहिला.

तेवढ्यात पहिल्या बैलगाडीचा गाडीवान धावत आला. सहादेव त्याचं नाव. बिचारा मदतीलाच धावला होता, पण त्याच्या ओठात पेटलेली बिडी होती.

"बिडी! बिडी टाक!" आप्पासाहेब ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता.

सहादेव जागच्या जागी थांबला. त्याला पेट्रोलचा वास आला. बिडी त्यानं टाकली नाही. टाकली असती तर चरातल्या वाळलेल्या गवतावर पडली असती. त्यानं ती आपल्या मुठीत दाबून विझवली आणि मागं सरकून बायकोला हाक मारली, "लंके, पळ! बाईला बाहेर काढ. चूल-बिल काय बी पेटवू नगा कुनी!"

लंकाबाईनं छबूबाईंना ओढून बाहेर काढलं आणि बैलगाडीच्या आडोशाला नेलं. भाऱ्याखालचं आपलं लुगडं काढून त्यांना नेसवलं. "दोनच हायेत जनू तुझ्याकडं," छबूबाई म्हणाल्या.

"एक अंगावर हाय की माझ्या," लंकाबाई म्हणाली. "तुझं पेटलं असतं तर? चार दिसांत घोडेगावाकडं माघारी येतोय आमी, कारखान्याच्या फडावर. दे कवा बी आणून."

चार गड्यांनी मला उचलून रस्त्यावर ठेवलं. तोवर कानिफनाथांची गाडी येऊन थांबली. ते उतरले आणि म्हणाले, "किती शिल्लक होतं रे?"

छबूबाई लंकाबाईच्या गाडीवर चढून बसल्या होत्या. घाटमाथ्यापर्यंत त्या बैलगाडीतून गेल्या आणि तिथून यष्टीनं नगरला. आप्पासाहेब हाताच्या ब्रेकवर मला एकटे घरी घेऊन आले.

त्यानंतर बारा दिवस छबूबाई माझ्याजवळ फिरकल्या नाहीत. आप्पासाहेबांनी पुण्याहून जाड पोलादी तार आणली. एका सकाळी ते माझ्याखाली निजून ती बसवत होते, तेव्हा छबूबाई पत्र्याच्या शेडच्या दारात आल्या. हातात धुऊन घडी घातलेलं लंकाबाईचं लुगडं होतं.

"हे परत द्यायचंय. टोळी उठून जाईल."

"जाऊ की. तार झालीच बसवून."

"एक विचारू?"

"विचार."

"त्या दिशी मी चरात पडले हुते. तुमी आधी कुठं बघितलं?"

पान्याचा आवाज थांबला. मला धडकी भरली. घाटात जितकी घाबरले नव्हते तितकी घाबरले, कारण मला खरं ठाऊक होतं आणि छबूबाईंनाही. 'तुझ्याकडंच बघितलं' एवढं म्हणणं किती सोपं होतं! कुठलाही नवरा तेच म्हणाला असता. मी मनात म्हणत होते, नका म्हणू. आणि दुसरं मन म्हणत होतं, खरं सांगितलं तर ही बाई उठून माहेरी जाईल.

आप्पासाहेब माझ्याखालून बाहेर आले नाहीत. तिथूनच, तोंड न दाखवता म्हणाले, "बाटलीकडं."

आप्पासाहेबांचे नुसते पाय बाहेर दिसत होते.

"'तुझ्याकडं' म्हनाला असता," छबूबाई शेवटी म्हणाल्या, "तर मी यष्टीनं गेले असते. आन् पुन्हा ह्या गाडीला हात लावला नसता." मग दार उघडून त्या आत बसल्या आणि लुगडं मांडीवर घेतलं. "मी लई भ्याले हुते, आवं. अजून बी भ्याव वाटतंय."

"मला बी," खालून आवाज आला.

आज मी पंचेचाळीस वर्षांची आहे. शर्यतीत आता माझा नंबर शेवटचा असतो. कानिफनाथ मला 'दारुडी' म्हणतात, पेट्रोल फार पिते म्हणून. म्हणू देत. गाडीवाल्यांनो, तुमच्या शौकावर माझा राग नाही. त्याच शौकानं मला चिंचेखालून उठवलं. एवढंच मागणं आहे, की उतारावर आमचं इंजिन बंद करू नका. आणि शेजारचं माणूस भितंय म्हणालं, तर ते गाडीचंही म्हणणं समजा. आम्हाला तोंड नसतं.

लुगडं परत द्यायला निघालो त्या दिवशी तोच घाट उतरायचा होता. घाटाच्या तोंडाशी आप्पासाहेबांनी मला थांबवलं. इंजिन चालू ठेवलं, पहिला गियर टाकला आणि शेजारी पाहिलं. छबूबाईंनी डोळे मिटले होते, एक हात ब्रेकवर होता. ते थांबले. मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, तरी थांबले. छबूबाईंनी डोळे उघडून मान डोलावली, तेव्हाच आम्ही निघालो.